गहिवराचे वाङ्मय आणि ‘डब्लिनर्स’

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या भाषेत काय लिहावे, हा प्रश्न आमच्याकडे आता कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर फार दिवसांपूर्वी ठरून गेले आहे. त्याने गहिवरावे. गावाकडची ओसरी, आजीच्या हातचे थालीपीठ, गणपतीतल्या आरत्या, पहिल्या पावसाने उठणारा मातीचा वास आणि अखेरीस एक दीर्घ निःश्वास, एवढे साहित्य जमले की मंडळाच्या स्मरणिकेची आणि दिवाळी अंकाची निम्मी पाने भरतात. लेखक समाधानी, संपादक समाधानी, वाचकही डोळे टिपून समाधानी. या सार्वत्रिक समाधानाला आमची हरकत आहे. परप्रांतातील मराठी लेखन गहिवराने खुंटवले आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आणि त्याच्या पुष्टीसाठी आम्ही एका परकीय पुस्तकाला साक्षीस बोलावीत आहोत.

जेम्स जॉइस या आयरिश लेखकाचा ‘डब्लिनर्स’ हा पंधरा कथांचा संग्रह १५ जून १९१४ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. या नावाचे भाषांतर करण्यास मराठीला मुळीच सायास पडत नाहीत. आपण नाशिककर म्हणतो, सोलापूरकर म्हणतो, तसे हे ‘डब्लिनकर’. यात राजे नाहीत, वीर नाहीत, प्रेमासाठी प्राण देणाऱ्या नायिका नाहीत. कचेरीतील नकलनवीस आहे, बँकेतील रोखपाल आहे, दुकानात सात शिलिंगांवर आठवडाभर राबणारी मुलगी आहे, भाडेकरू ठेवून संसार चालविणारी खमकी बाई आहे, धुलाईगृहात काम करणारी प्रौढ कुमारिका आहे, आणि उमेदवाराकडून पैसे मिळतील की नाही या विवंचनेत मते मागत फिरणारे प्रचारक आहेत. शहर ब्रिटिश साम्राज्यातले; राज्य दुसऱ्याचे, कागद दुसऱ्याचे, आणि नकला करणारे हात तेवढे आपले. अशा पुस्तकाचा खरा वाचक कोण असावा? आम्हांस वाटते, तो कचेरीतला माणूस असावा. प्रत्यक्षात मात्र आमच्या वाचनमंडळांत या पुस्तकाचे नाव काढले की तीन आक्षेप येतात. पहिला, ते परक्यांचे आहे, त्याचा आपल्याशी संबंध काय? दुसरा, ते उदास आहे. दिवसभर नस्त्या उपसून आलेल्या माणसाने संध्याकाळी पुन्हा कारकुनांच्या रडकथा का वाचाव्यात? तिसरा, ज्याला आपल्या गावाविषयी ममत्व नाही अशा माणसाचे ते लेखन आहे. हे तिन्ही आक्षेप आम्ही क्रमाने तपासणार आहोत. कारण तिन्हींच्या मुळाशी तोच गहिवर दडी मारून बसलेला आहे.

प्रथम संबंधाचा प्रश्न. जॉइसने डब्लिन सोडले ते ऑक्टोबर १९०४ मध्ये. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. प्रथम पोला आणि मग त्रिएस्त या तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बंदरांत त्याने परक्या लोकांना इंग्रजी शिकवून पोट भरले. १९०६-०७ मध्ये काही महिने तो रोममध्ये एका बँकेत परदेशी पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून होता. म्हणजे आवक-जावक काय असते, दुसऱ्याच्या वतीने दुसऱ्याच्या भाषेत नम्र पत्र कसे लिहावे लागते, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीला जखडून बसल्यावर स्वतःच्या लेखनासाठी किती प्राण शिल्लक राहतो, हे त्याला कोणी सांगावे लागले नव्हते. ‘डब्लिनर्स’मधील बहुतेक कथा त्याने डब्लिनबाहेर लिहिल्या, शेवटची ‘द डेड’ ही दीर्घकथा १९०७ मध्ये त्रिएस्त येथे पुरी झाली. शहराविषयीचे हे पुस्तक शहर सोडलेल्या माणसाचे आहे. तेव्हा बदलीच्या हुकमावर घरदार गुंडाळून निघणाऱ्या आम्हां लोकांचा त्याच्याशी संबंध नसेल, तर कोणाचा असावा?

आता हा माणूस दूर बसून आपल्या गावाची आठवण कशी काढीत होता, ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९०५ मध्ये त्याने त्रिएस्तहून डब्लिनला आपल्या धाकट्या भावाला, स्टॅनिस्लॉसला, एक पत्र लिहिले. त्यात त्याने चौकश्या केल्या आहेत. धर्मगुरूला पुरताना त्याचा धार्मिक वेष अंगावर ठेवता येतो काय? अमुक दोन रस्ते नगरपालिकेच्या अमुक प्रभागात मोडतात काय? नगरपालिकेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये होऊ शकते काय? सिडनी परेड स्थानकावर अपघात झाला तर तेथवर शहराची रुग्णवाहिका येते काय, आणि जखमीला कोणत्या रुग्णालयात नेतात? तेथील पोलीस कोणत्या विभागाचे? ज्याने नस्तीवर कधी टिपणी लिहिली आहे, त्याला हे पत्र वाचताना ओळख पटल्यावाचून राहणार नाही. ही पडताळणी आहे. पहिल्या कथेतील मृत धर्मगुरू, ‘आयव्ही डे इन द कमिटी रूम’मधील निवडणूक आणि ‘ए पेनफुल केस’मध्ये आगगाडीखाली सापडलेली स्त्री यांच्यामागे ही पडताळणी उभी आहे. दूर राहणाऱ्याची आठवण अंधुक होते, हे त्या बावीस-तेवीस वर्षांच्या शिक्षकाला ठाऊक होते. आणि अंधुकपणावर भावनेचा रंग चढविण्याऐवजी त्याने टपालखर्च करून खात्री करून घेतली.

आमच्या स्मरणलेखांना असा एखादा प्रश्न विचारून पाहावा. ज्या ओसरीवर लेखक लोळत असे, ती ओसरी आज कोणाच्या वाटणीस आली? ती गहाण पडली होती काय? आजी सर्वांना आग्रहाने वाढीत असे. ती स्वतः केव्हा जेवत असे? गणपतीला सारा गाव लोटत असे म्हणतात. त्या साऱ्या गावापैकी घरात कोण येई, अंगणापर्यंत कोण येई आणि वेशीबाहेरच कोण थांबे? हे प्रश्न विचारताच गहिवर विरतो. आठवण आणि गहिवर यांतील भेद हाच आहे. आठवणीला प्रश्न विचारले की ती अधिक भरीव होत जाते. गहिवराला मात्र पहिल्या प्रश्नासरशी अपमान वाटतो.

दुसरा आक्षेप उदासपणाचा. त्याचा निवाडा करण्यासाठी ‘काउंटरपार्ट्स’ ही एकच कथा पुरेशी आहे. फॅरिंग्टन हा वकिलांच्या कचेरीतील नकलनवीस. धिप्पाड, संतापी आणि मद्याच्या आहारी गेलेला. एका कराराची नक्कल आज संध्याकाळपर्यंत पुरी व्हायची आहे. साहेब झापतो, हा खाली मान घालतो, मग कचेरीतून हळूच सटकून एक पेला रिचवून येतो आणि वास लपविण्यासाठी बडीशेपेच्या जातीतले दाणे चघळतो. पत्रव्यवहाराच्या गठ्ठ्यातली शेवटची दोन पत्रे नकलायची राहून जातात आणि हा तसाच गठ्ठा साहेबापुढे ठेवतो. साहेब सर्वांसमक्ष, एका श्रीमंत अशिलीणबाईसमोर, तू मला मूर्ख समजतोस काय, असे विचारतो. त्यावर याच्या तोंडून न कळत एक खोचक उत्तर निघून जाते. त्या एका उत्तरासाठी त्याला गयावया करून क्षमा मागावी लागते, आणि या कचेरीत यापुढे आपले आयुष्य म्हणजे नरक होणार हे तो ओळखतो. तो घड्याळाची साखळी गहाण टाकतो. सावकाराचा माणूस पाच शिलिंग देऊ करतो. हा सहा मिळवितो. त्या सहा शिलिंगांवर तो एका गुत्त्यातून दुसऱ्या गुत्त्यात हिंडतो, आपले उत्तर मित्रांना पुनःपुन्हा सांगतो, त्यांच्याकडून वाहवा मिळवितो. तेथेच एका पोरसवद्या इंग्रज खेळगड्याकडून पंजाच्या झुंजीत हरतो, आणि खिशात दोन पेन्स उरलेले असताना घरी येतो. बायको देवळात गेलेली, चूल विझलेली. चूल का विझू दिलीस म्हणून तो आपल्या लहान मुलाला काठीने झोडपतो, आणि तो मुलगा, मला मारू नका, मी तुमच्यासाठी देवाची प्रार्थना म्हणेन, असे विनवीत राहतो. कथा येथे थांबते.

‘काउंटरपार्ट’ म्हणजे कायद्याच्या भाषेत दस्तऐवजाची जोडप्रत. दिवसभर ज्याला नक्कल साधली नाही, त्या नकलनविसाने रात्री घरी साहेबाची हुबेहूब नक्कल उतरविली. अपमान कचेरीतून घरी कसा येतो, वरून खाली कोणत्या पायऱ्यांनी उतरतो आणि शेवटी ज्याच्या खाली कोणी नाही अशा पोरावर कसा कोसळतो, याचा असा नेमका आलेख आम्ही दुसरीकडे क्वचितच वाचला आहे. लेखक फॅरिंग्टनला दोष देत नाही, त्याची बाजूही घेत नाही. पोरासाठी एक अश्रू ढाळीत नाही. सहा शिलिंगांचा हिशेब मात्र तो चोख देतो. या कथेला उदास म्हणणे म्हणजे ताप दाखविणाऱ्या पाऱ्याला आजारी म्हणण्यासारखे आहे. कारकून आमच्या वाङ्मयात पुष्कळदा येतो. पण तो येतो हसविण्यासाठी, नाहीतर कीव करून घेण्यासाठी. त्याचा संताप, त्याची लबाडी, त्याच्या हातून घरात होणारा अन्याय यांची दखल घेण्याइतका त्याला कोणी मोठा मानीत नाही. जॉइसने त्याला तेवढे मोठे मानले. ज्यांना यात रडकथा दिसते, त्यांनी आपल्या कचेरीतील शेजारच्या मेजाकडे, आणि मग आपल्या घरातील संध्याकाळकडे, एकदा नीट पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.

याच संग्रहात गहिवराच्या धंद्यावरही एक कथा आहे. ‘ए लिटल क्लाउड’मधील छोटा चँडलर हाही कारकूनच. लंडनला जाऊन वर्तमानपत्री जगात नाव काढलेला त्याचा जुना मित्र परत आला आहे, आणि त्याला भेटण्यास जाताना चँडलरच्या मनात आपण कवी होण्याचे विचार घोळत आहेत. अद्याप कविता झालेली नाही. परंतु तिची परीक्षणे मात्र त्याच्या मनात तयार होत आहेत. आपल्या कवितेतील खिन्न सूर पाहून इंग्रज समीक्षक आपल्याला केल्टिक संप्रदायातला कवी म्हणून ओळखतील, असे त्याला वाटते. त्यासाठी थोडे संदर्भ घालावेत, आपले नाव पुरेसे आयरिश वाटत नाही तर आईकडचे आडनाव मध्ये घ्यावे, असेही बेत तो करतो. खिन्नता ही येथे प्रांताची खूण म्हणून बाजारात मांडलेली आहे. आपली पैठणी, आपला फेटा, आपली पुरणपोळी आणि आपले व्याकूळ मन यांची जी आरास आम्ही परप्रांतात मांडतो, तिच्यात आणि चँडलरच्या मनोराज्यात आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. चँडलर घरी जातो तेव्हा हप्त्याने घेतलेले सामान आणि मांडीवर रडणारे मूल त्याची वाट पाहत असतात. न झालेली कविता तेथे होती; त्याने ती शोधली मात्र खिन्न सुरात.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप, ममत्वाच्या अभावाचा. याचे उत्तर जॉइसच्या पत्रांतच आहे. सप्टेंबर १९०६ मध्ये रोमहून त्याने भावाला कळविले की, आपण डब्लिनशी विनाकारण कठोर वागलो असे कधीकधी वाटते. तेथील अगत्य, तेथील पाहुणचार आपल्या कथांत उतरला नाही. पुढच्याच वर्षी त्याने ‘द डेड’ लिहिली, आणि त्या कथेत पाहुणचार भरभरून आला: दोन म्हाताऱ्या बहिणींच्या घरची वार्षिक मेजवानी, गाणी, नाच, भरलेले ताट, ओव्हरकोट काढून घेणारी मोलकरीण. परंतु या अगत्याचे वर्णनही तो हिशेबानेच करतो. मेजवानीत कथानायक गॅब्रिएल कॉनरॉय भाषण करतो. आपल्या देशाच्या आतिथ्यपरंपरेचा गौरव, नव्या पिढीत हे गुण लोप पावत असल्याची हळहळ, यजमानिणींची स्तुती, सारे काही यथासांग होते आणि टाळ्या पडतात. वाचकाला मात्र एक गोष्ट आधीच कळून चुकलेली असते. भाषणाची जुळवाजुळव करताना गॅब्रिएलने मनाशी म्हटले होते, या माझ्या मावश्या म्हणजे दोन अडाणी म्हाताऱ्या; त्यांची आपल्याला काय पर्वा!

महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक संमेलनात, एक मे रोजी अथवा गणेशोत्सवात, आम्ही हे भाषण किती वेळा ऐकले आहे! वक्ते मान्यवर असतात, परंपरेविषयी बोलतात, नव्या पिढीविषयी हळहळतात. आणि ज्या बायांनी दोन दिवस खपून पाचशे पानांचा स्वयंपाक केला त्यांच्याविषयी त्यांच्या मनात काय आहे, ते आम्हांस भाषणानंतरच्या रांगेत ऐकू येते. त्या रात्री गॅब्रिएलला जे कळते ते भाषणातून कळत नाही. ज्या पश्चिमेकडील मुलखात जाण्यास तो मेजवानीत नकार देतो, त्याच मुलखातील एक मुलगा आपल्या पत्नीसाठी भर पावसात उभा राहिला होता आणि पुढे मेला, हे त्याला हॉटेलच्या खोलीत पत्नीच्या तोंडून कळते. जिच्याबरोबर आपण इतकी वर्षे संसार केला तिचे गाव आपण पाहिले नाही, हे कळल्यावर त्याचे शब्द थांबतात. डब्लिनविषयीचे ममत्व या कथेत आहे; पण ते वक्त्याचा वक्तेपणा गळून पडल्यावर प्रकटते. आधीच्या चौदा कथांच्या कठोरपणाशिवाय पंधराव्या कथेची करुणा कोणालाही साधली नसती. आम्ही मात्र पहिल्या चौदा न लिहिताच पंधराव्या कथेचे अश्रू ढाळू पाहत आहोत.

येथे आमचे काही सरकारी स्नेही एक व्यावहारिक अडचण पुढे करतात. आपण नोकरमाणसे, रस्त्याचे, कचेरीचे, साहेबाचे खरे चित्र काढले तर नियमांत अडकू. हे भय नवे नाही. ‘डब्लिनर्स’चे हस्तलिखित १९०५ च्या अखेरीस ग्रँट रिचर्ड्स या लंडनच्या प्रकाशकाकडे गेले, त्याने ते १९०६ मध्ये स्वीकारले, मुद्रकाने शब्दांवर आक्षेप घेतले, आणि त्याच वर्षी प्रकाशक माघारला. डब्लिनच्या मॉन्सेल कंपनीशी १९०९ मध्ये करार झाला. तेथे एका कथेतील राजा सातव्या एडवर्डविषयीच्या उल्लेखावर आणि गुत्त्यांची खरी नावे घालण्यावर अडले. १९११ मध्ये जॉइसने थेट राजा पाचव्या जॉर्जला पत्र लिहून त्या मजकुरात काही आक्षेपार्ह आहे काय, अशी विचारणा केली. अशा बाबतीत मत देण्याचा प्रघात नाही, असे चिटणिसाकडून उत्तर आले. कोणत्याही सचिवालयात शोभेल असे ते उत्तर होते! सप्टेंबर १९१२ मध्ये छापून झालेले सारे फर्मे मुद्रकाने नष्ट केले. जॉइस डब्लिन सोडून गेला, तो पुन्हा कधी तेथे परतला नाही. अखेर १९१४ मध्ये त्याच ग्रँट रिचर्ड्सने पुस्तक काढले. पहिल्या वर्षी त्याच्या पाचशे प्रतीही खपल्या नाहीत. एवढ्या साऱ्या भीतीचे मूळ कशात होते? गुत्त्याला त्याचे नाव दिले, रस्त्याला त्याचे नाव दिले आणि माणसे जसे बोलतात तसे त्यांना बोलू दिले, यात.

आमच्यापुरते पाहिले तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील आठवा नियम निव्वळ वाङ्मयीन, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाच्या लेखनासाठी पूर्वपरवानगी मागत नाही. नववा नियम सरकारच्या धोरणावरील व कृतींवरील प्रतिकूल टीकेला मनाई करतो. आता ‘काउंटरपार्ट्स’मध्ये कोणत्या धोरणावर टीका आहे? एका शब्दाचीही नाही. अपमान गिळून घरी जाणारा माणूस, त्याचे सहा शिलिंग आणि त्याचे पोर यांवर कोणत्याही वर्तणूक नियमाचा अंमल चालत नाही. नियमांचे कारण सांगणारे बहुधा नियम न वाचताच घाबरलेले असतात; अथवा वाचून, सोयीने घाबरलेले असतात.

आपल्या भाषेत असे लेखन झालेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षककथेतील निवेदक रेल्वेच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गुजरातेत जातो. राहायला जागा मिळावी म्हणून त्याला आपली जात झाकावी लागते. आणि ती उघडी पडते तेव्हा त्याला मार खावा लागतो. वाचकांनी या माणसाचे वर्णन आपल्या नेहमीच्या शब्दांत करून पाहावे. केंद्र सरकारचा नोकर; मराठी; नोकरीनिमित्त परप्रांतात; भाड्याच्या जागेच्या शोधात. हा तर शब्दशः आमच्यापैकीच एक! तरीही ‘परप्रांतातील मराठी माणसाचे जीवन’ या विषयावर आमच्या मंडळांत जी व्याख्याने होतात, त्यांत या कथेचे नाव आम्ही आजवर ऐकलेले नाही. तिला दलित साहित्याच्या कपाटात ठेवले की आमचे कपाट ओसरीसाठी मोकळे राहते. ज्याला त्या ओसरीवर पाऊल ठेवता येत नव्हते, त्याने परप्रांतात आल्यावर कशासाठी गहिवरावे? त्याच्या दृष्टीने दूर जाणे हीच आशा होती, आणि ती आशा खोलीच्या दारातच आडनाव विचारून अडविली गेली. आमचा गहिवर हा सर्व मराठी माणसांचा गहिवर नाही. तो काही घरांचा आहे. आणि त्या घरांनी तो साऱ्या समाजाच्या नावावर खपविला आहे.

गहिवर खोटाच असतो, असे आम्ही म्हणत नाही. दिवाळीला रजा नामंजूर झाली, आरक्षणाची यादी पुढे सरकली नाही, आणि आईचा दूरध्वनी आला की आमचाही कंठ दाटतो. पण त्या दाटलेल्या कंठाची कथा लिहायची तर रजेचा अर्ज, त्यावरचा शेरा, तिकिटाचा क्रमांक आणि आईने दूरध्वनीवर जे बोलायचे टाळले ते, हे सर्व तिच्यात आले पाहिजे. नुसता कंठ दाटून कथा होत नाही.

या वादात नुसता अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमची मुले दिल्लीत, भोपाळात, कोलकात्यात, हैदराबादेत वाढत आहेत. घरात त्यांच्या कानी मराठी पडते, आणि वाचायला म्हणून आम्ही त्यांच्या हाती जे देतो त्यात त्यांनी कधी न पाहिलेल्या ओसरीविषयी वडिलांनी ढाळलेले अश्रू असतात. त्यांची वसाहत, त्यांच्या शाळेची बस, वडिलांची चुकलेली बढती, आईने परक्या भाषेत भाजीवाल्याशी केलेली घासाघीस, वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याशी पाण्यावरून झालेले भांडण, भाड्याची जागा पाहायला गेल्यावर विचारलेले आडनाव आणि ‘मांसाहार करता का’ हा प्रश्न, यांतले काहीही त्यांना मराठीत छापलेले दिसत नाही. त्यामुळे ती मुले एक निष्कर्ष काढतात, आणि त्यांच्यापुढील पुराव्यावरून तो बरोबर आहे: मराठी ही सणांची भाषा आहे, भांडण, पैसा, अपमान आणि प्रेम यांसाठी दुसरी भाषा पाहावी. ज्या भाषेत घरभाडे सांगता येत नाही ती भाषा पुढच्या पिढीत मोदकाबरोबर वर्षातून एकदा बाहेर निघते, आणि त्याच्या पुढच्या पिढीत मोदकच तेवढे उरतात.

म्हणून आमचे सांगणे दोघांना आहे. लेखकांना हे की, दिवाळी अंकासाठी बसाल तेव्हा ओसरीवर लिहायचे असल्यास खुशाल लिहा. पण आधी गावी पत्र टाकून विचारा की ती ओसरी कोणाच्या नावावर आहे, किती वेळा गहाण पडली, आणि तिच्या कडेला उभे राहून पाणी मागणाऱ्यांची मुले आता कोठे आहेत. उत्तर येईल ते लिहा. ज्या शहरात आज राहता त्याविषयी लिहायचे असेल तर रस्त्याचे नाव लिहा, पगाराची तारीख लिहा, खोलीचे भाडे लिहा. संपादकांना, आणि त्यात या मासिकाचे संपादकही आले, हे की, गहिवराला वाचक आहे म्हणून त्याला जागा देत राहू नका. १९०४ मध्ये जॉइसच्या पहिल्या तीन कथा ‘आयरिश होमस्टेड’ या सहकारी चळवळीच्या साप्ताहिकात छापल्या गेल्या होत्या. वाचकांना धक्का बसणार नाही असे साधेसे काही लिहा, अशी त्याला सूचना होती आणि कथेमागे एक पौंड मिळत होता. वाचकांच्या तक्रारी आल्यावर त्या साप्ताहिकाने त्याच्याकडून आणखी कथा घेणे थांबविले. त्या वाचकांना काय आवडत होते, याची आज कोणाला आठवणही नाही. त्यांना न आवडलेल्या कथा मात्र शंभराहून अधिक वर्षे वाचल्या जात आहेत, आणि परक्या मुलखात बसलेल्या आमच्यासारख्या कारकुनांनाही त्यांत आपले मेज, आपला साहेब आणि आपले घर ओळखू येते.